राज्यसीमेवर बदलणाऱ्या शरीराविषयी निवेदन

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
अमेरिकेतील सर्व राज्य वैद्यकीय मंडळे

विषय : नवोदित डॉक्टरांच्या परवान्यांबाबत कृतज्ञता व्यक्त करणे

महोदय,

डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये डॉक्टरची पात्रता ठरवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला, आणि तेव्हापासून मंडळांनी रुग्णांना भोंदूंपासून वाचवण्याचे जे काम केले त्याविषयी कोणी शंका घेणार नाही. मात्र या कामातून शरीरशास्त्रालाही एक देणगी मिळाली आहे, ती म्हणजे राज्याची सीमा ओलांडताच मानवी शरीर बदलते हा सिद्धान्त, ज्याची दखल पाठ्यपुस्तकांनी अद्याप घेतलेली नाही.

याचे प्रात्यक्षिक कॅन्सस सिटीत पाहावे. तेथील स्टेट लाइन रोड बऱ्याच अंतरापर्यंत दोन राज्यांच्या सीमेवरून जातो, त्यामुळे एका कडेचा रुग्ण मिसुरीचा आणि समोरच्या कडेचा कॅन्ससचा ठरतो. दूरस्थ उपचारात, म्हणजे फोनवरून वा व्हिडिओवरून केलेल्या तपासणीत, रुग्ण जेथे बसला असेल तेथेच उपचार घडले असे सामान्यतः मानले जाते, म्हणून केवळ मिसुरीचा परवाना असलेल्या डॉक्टरने खोकणाऱ्या रुग्णाला आधी खोकल्याविषयी नव्हे तर पत्त्याविषयी विचारावे, हे उचितच होय. माजी सैनिकांचे शरीर तेवढे अपवाद दिसते, कारण त्यांच्यासाठी असलेल्या केंद्र सरकारच्या रुग्णालयांत कोणत्याही एका राज्याच्या परवान्यावर देशभर काम करता येते.

परवान्यासाठीची यूएसएमएलई ही तीन टप्प्यांची परीक्षा देशभर एकच आहे; परंतु रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षण, किती वर्षांचे असावे याबाबत राज्यांचे एकमत नाही, आणि परदेशात शिकलेल्यांकडून अनेक राज्ये अधिक वर्षे मागतात. पदवीचा पुरावा अर्जदाराने स्वतः दिलेला चालत नाही, तो मूळ संस्थेकडूनच यावा लागतो. याला प्राथमिक स्रोत पडताळणी म्हणतात आणि ती रास्तही आहे. मंडळांच्या महासंघाने कागदपत्रे एकदा तपासून कायमची जपण्याची सोय केली असली, तरी प्रत्येक राज्याचा अर्ज, शुल्क आणि बहुधा बोटांचे ठसेही नव्याने द्यावे लागतात, यावरून ठसेसुद्धा सीमेवर बदलत असावेत. महाराष्ट्रातून गेलेल्या विवाहित डॉक्टर महिलेचा अर्ज तर मंडळाच्या दक्षतेला खरी मेजवानीच असतो : गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तिचे नाव, मग वडिलांचे, पासपोर्टवर वडिलांच्या जागी पती आणि आडनावही नवे, आणि आजवर वापरलेली सर्व नावे लिहा या रकान्यात ती जितकी प्रामाणिक राहील तितक्या अधिक स्त्रिया अर्जात दिसू लागतात व तितकी प्रतिज्ञापत्रे वाढतात.

आंतरराज्य परवाना करारानुसार २०१७ पासून परवाने मिळू लागल्याने एकच परवाना अनेक राज्यांत चालतो, असा भोळा समज आहे. प्रत्यक्षात ७०० डॉलर भरून प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना, वेगळ्या शुल्कासह, काहीसा लवकर मिळतो. त्यासाठी एका सदस्य राज्याचा पूर्ण परवाना आणि विशेषज्ञ असल्याचे प्रमाणपत्र आधीच हाती असावे लागते, त्यामुळे ज्याची रेसिडेन्सी एका राज्यात संपली, पहिली नोकरी दुसऱ्यात आहे आणि प्रमाणपत्राची परीक्षा अजून व्हायची आहे, असा सर्वाधिक गरजू डॉक्टरच बाहेर राहतो. तहान भागवून येणाऱ्यांसाठीच उघडलेली ही पाणपोई म्हणावी लागेल.

परवाना टिकवण्यासाठी सातत्यपूर्ण शिक्षणाचे तास भरावे लागतात, आणि ज्ञान शिळे होण्याचा वेगही राज्यागणिक वेगळा असल्याने कॅलिफोर्निया २ वर्षांत ५० तास, तर मिशिगन ३ वर्षांत १५० तास मागते.  अफूजन्य वेदनाशामकांसारखी नियंत्रित औषधे लिहून देण्यासाठी केंद्रीय खात्याची ३ वर्षांची नोंदणी ८८८ डॉलरना मिळते, आणि तीही साधारणपणे राज्यागणिक वेगळी.

सबब विनंती की, मंडळांनी डॉक्टरांवर नाही तरी निदान एकमेकांवर विश्वास ठेवून, एका मंडळाने पडताळलेली पदवी दुसऱ्याने खरी मानावी. या विनंतीचा विचार होण्यासाठी लागणारे शुल्क प्रत्येक मंडळाकडे स्वतंत्रपणे पाठवले जात असून, विनंती फेटाळल्यास ते परत मिळणार नाही याची अर्जदारांना जाणीव आहे.

कळावे,
आपले विश्वासू,
अर्ज विचाराधीन असलेले डॉक्टर