मूळपुरुष

तिसरी घंटा झाली, धुपाचा वास आला, पडदा वर गेला आणि आमच्या रांगेतून आवाज आला, "गेलं!"

पुढच्या बाईंनी दचकून पायाशी मोबाइल शोधला. पलीकडच्या तरुणाला वाटलं, वीज गेली. मला माहीत होतं की नाटक गेलं. सूत्रधाराने अजून तोंड उघडलं नव्हतं, पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी त्याचं उपरणं पाहिलं होतं. "मूळ प्रयोगात उपरणं डाव्या खांद्यावर असायचं," ते माझ्या कानात म्हणाले. काकांचं कानात बोलणं बाल्कनीपर्यंत जातं.

'मूळ प्रयोगात' हे काकांच्या प्रत्येक वाक्याचं पहिलं पद. नांदीशिवाय संगीत नाटक नाही, तसं या दोन शब्दांशिवाय काकांचं मत नाही. म्हणून मी मनातल्या मनात त्यांना मूळपुरुष म्हणतो. हा प्राणी दुर्मीळ नाही. 'सौभद्र', 'मानापमान', 'कट्यार' यांपैकी काहीही लागलं की पुण्यात प्रत्येक पेठेतून एकेक बाहेर पडतो. स्वच्छ झब्बा, पिशवीत थर्मास आणि चेहऱ्यावर पोस्टमॉर्टेमला निघालेल्या डॉक्टरची शांतता. नाटक आवडणार नाही हे त्याला तिकीट काढतानाच पक्कं ठाऊक असतं. तरी तिकीट तोच पहिलं काढतो, तेही तिसऱ्या रांगेतलं, मधल्या वाटेच्या कडेचं.

काकांजवळ एक वही आहे. वही म्हणजे कुठल्याशा बँकेची जुनी डायरी. तिच्यात 'सौभद्रा'च्या पाहिलेल्या प्रत्येक प्रयोगाची नोंद आहे. तीन रकाने: पद, वेळ, शेरा. 'वेळ' म्हणजे पद किती मिनिटं चाललं ते, मनगटावरच्या घड्याळाने मोजलेलं. 'शेरा' हा रकाना सर्वांत रुंद. त्यातले काही शेरे मी चोरून वाचले आहेत. 'नारद: वीणा प्लॅस्टिकची.' 'बलराम: पोट खोटं, राग खरा.' 'कुसुमावती: च्युइंगम?' एका पानावर नुसतंच 'अरेरे' आहे आणि त्यापुढे कंसात 'तीनदा'.

या वहीतल्या तक्रारींचे काही कायमचे मानकरी आहेत. पहिला पायपेटी. ऑर्गनच्या जागी आता बऱ्याचदा की-बोर्ड असतो. वादकाने पायाने भाता मारल्याशिवाय सुरात जीव येत नाही, प्लगला लावलेला सूर तो सूर नव्हे, हे काकांचं म्हणणं. दुसरा मानकरी माइक. कलाकाराच्या गालावर चिकटवलेली ती बारीक काडी पाहून काकांना आपल्याच गालावर मुंगी चढल्यासारखं होतं. आणि तिसरा, अलीकडचा, सर्वांत जहाल म्हणजे मोर.

मोराचं असं झालं. घटोत्कच झोपलेल्या सुभद्रेला उचलून रानात आणून ठेवतो, त्या प्रवेशाला पूर्वी रंगवलेला जंगलाचा पडदा असे. नव्या संचाने तिथे एलईडीची भिंत उभी केली. तिच्यावर झाडं डोलतात, धबधबा कोसळतो आणि डाव्या कोपऱ्यात एक मोर पिसारा फुलवून नाचतो. पोरं टाळ्या वाजवतात. काका मात्र खुर्चीतून अर्धे उठले. "रात्र आहे ना ही? सुभद्रा झोपेत आहे ना? मग मोर काय रातपाळीला आलाय?"

मी काही बोललो नाही, कारण मुद्दा बिनतोड होता. शिवाय झाडं वाऱ्याने पार वाकत होती आणि अर्जुनाचा शेला जागचा हलत नव्हता, हे माझ्याही लक्षात आलं होतं.

मूळपुरुषाची थट्टा करताना हीच पंचाईत होते. निम्म्या वेळा तो बरोबर असतो. 'सौभद्रा'त अण्णासाहेब किर्लोस्करांनी शंभराहून अधिक पदं घातली. त्यात मोठी रागदारी पदं आहेत तशी साक्या आहेत, दिंड्या आहेत, दोन पात्रांनी येता-जाता गाण्यातच केलेलं बोलणं आहे. आता नाट्यगृह मिळतं ते ठरावीक तासांसाठी. पुढच्या नाटकाचा टेम्पो मागच्या दाराशी येऊन उभा असतो, त्यातला सोफा अर्धा बाहेर आलेला असतो आणि नेपथ्यवाले घड्याळाकडे बघत तंबाखू मळत असतात. पाच अंकांचं नाटक एका मध्यंतरात बसवायचं तर कात्री लागणारच. कात्री लागते ती मात्र नेमकी या बारक्या पदांना. उरतात ती गाजलेली, रेडिओवर ऐकून पाठ झालेली. मग कथा पुढे सरकवायला कोणी उरतच नाही आणि मुकुट घालून गाण्याची मैफल सुरू आहेसं वाटतं. "पोळ्या गाळल्या आणि नुसतं श्रीखंड वाढलं," असं काका म्हणतात तेव्हा त्यांच्या वहीला माझा नमस्कार असतो.

पण 'मूळ' म्हणजे कुठलं, हे विचारायची सोय नसते. विचारलं की काकांचे डोळे मिटतात. सांगलीजवळचं त्यांचं गाव, गणपतीचा मांडव, गॅसबत्त्या, वय वर्षं दहा. सुभद्रेचं काम गावचे पोस्टमास्तर करत. "काय ते दिसणं! काय तो गळा! पहाटेपर्यंत नाटक चाललं. 'प्रिये पहा' सुरू झालं आणि मांडवाबाहेर खरोखर फटफटलं." कृष्ण रुक्मिणीला उजाडल्याचं सांगतो ते हे पद. रात्रभर चालणाऱ्या जुन्या प्रयोगांत ते नेमकं पहाटे यायचं, हे अनेक म्हाताऱ्यांकडून ऐकलं होतं. काकांचं ऐकताना माझ्याही अंगावर काटा यायचा.

गेल्या वर्षी त्यांच्या आक्का आल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, स्मरण सुरीसारखं. काका चहाबरोबर पोस्टमास्तर काढून बसले. आक्का लसूण सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कुठली रे पहाट? तिसऱ्या अंकाला पाऊस आला, मांडव गळायला लागला. सुभद्रेनं लुगडं खोचलं नि गॅसबत्ती घेऊन पळाली. आणि तू तर दुसऱ्या अंकापासून माझ्या मांडीवर झोपला होतास. घरी आणताना पाय दुखले माझे."

स्वयंपाकघरात लसणाची सालं उडण्याइतका आवाज उरला नाही.

काका दोन दिवस खाली उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते हातात एक जाडजूड पुस्तक घेऊन. चेहरा सूर्यासारखा. "वाच!" १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात 'सौभद्रा'चा पहिला प्रयोग झाला तेव्हा किर्लोस्करांनी तीनच अंक केले होते. उरलेले अंक घालून अख्खं नाटक पुढच्या वर्षी रंगभूमीवर आलं. "तीन अंक!" काकांनी पानावर बोट आपटलं. "म्हणजे मी पाहिला तो प्रयोग बरहुकूम मूळ! पावसालासुद्धा कळत होतं!"

खरं तर त्याच पुस्तकाची आणखी चार पानं उलटली असती तर काकांची झोप उडाली असती. सुभद्रेच्या कामाने भाऊराव कोल्हटकरांनी लोकांना वेड लावलं. ते १९०१ साली गेले. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत नारायणराव राजहंस आले, ज्यांना आपण बालगंधर्व म्हणतो. भाऊरावांची सुभद्रा ऐकलेले जे काका तेव्हा तिसऱ्या रांगेत बसले असतील, त्यांनी शेजाऱ्याच्या कानात काय सांगितलं असेल, ते मला इथून ऐकू येतं. 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी बंदिशींच्या चाली आणल्या, पदं लांबली, ताना वाढल्या, तेव्हा 'गाण्यापायी नाटक बसलं' म्हणणारेही निघालेच. पुढे १९६४ मध्ये 'मत्स्यगंधा'पासून जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपदं आटोपशीर केली. आमच्या काकांच्या वडिलांनी अभिषेकींची चाल रेडिओवर ऐकून रेडिओ बंद केला होता. काका आज त्याच चालीत कोणी हरकत बदलली तर कानावर हात ठेवतात. बटण तेच, बोट फक्त पुढच्या पिढीचं.

काकांना हरवणारा माणूस मी एकच पाहिला आहे, त्यांचे फोंड्याचे व्याही. गोव्यात देवळाच्या उत्सवात संगीत नाटक करायची जुनी चाल आहे. गावातले दुकानदार, मास्तर, बँकेतले कारकून रात्र रात्र जागून ते करतात आणि अख्खा गाव जागून बघतो. काकांनी व्याह्यांना कौतुकाने पुण्यातल्या प्रयोगाला नेलं, पावणेतीन तास बसवलं, मध्यंतरात बटाटेवडा खिलवला. शेवटचा पडदा पडल्यावर व्याह्यांनी घड्याळ पाहिलं, पाय लांब केले आणि विचारलं, "बरा झाला हो ट्रेलर. आता नाटक कधी सुरू होणार?" काका त्या रात्री जेवले नाहीत. स्वतःपेक्षा अधिक मूळ माणूस भेटणं मूळपुरुषाला सोसत नाही.

सिनेमा हा वेगळाच विषय. २०१५ साली 'कट्यार काळजात घुसली' पडद्यावर आला तेव्हा काकांनी जाहीर केलं की आपण तो बघणार नाही. मग तो तीनदा पाहिला. "चुका एका फेरीत मोजून होत नाहीत." तिसऱ्यांदा मी बरोबर होतो. शेवटी डोळे पुसत बाहेर आले आणि म्हणाले, एसीचा फार त्रास होतो.

माइकचं मात्र सांगायलाच हवं. काकांना कमी ऐकू येतं, कानात मशीन आहे. पण नाटकाला बसलं की ते मशीन काढून खिशात टाकतात. "माइकवरचं गाणं मशीनमधून ऐकायचं म्हणजे उष्ट्याचं उष्टं." मग उघड्या कानाने जे पोचेल ते पोचेल, बाकीचं आठवणीतून. एकदा ऐन सुभद्रेच्या पदाला नाट्यगृहाची ध्वनियंत्रणा बसली. करकर झाली आणि सगळं गप्प. ती मुलगी जेमतेम पंचविशीची असेल. क्षणभर थांबली, पायपेटीवाल्याकडे (त्या दिवशी नशिबाने पायपेटी होती) पाहिलं, चार पावलं पुढे आली आणि मोकळ्या गळ्याने तोच सूर लावला. नाट्यगृह असं स्तब्ध की पंखे ऐकू यावेत. तबलजीने हात हलका केला. विनामाइक, विनाभिंत, विनामोर गाणं. काका जन्मभर ज्याची वाट पाहत होते ते घडत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले, हात माझ्या गुडघ्यावर घट्ट.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि खास त्यांच्या कुजबुजीत विचारलं, "थांबली का रे? पद विसरली?"

मग धांदल उडाली. झब्ब्याचा एक खिसा, दुसरा खिसा, पिशवी, थर्मास. मशीन सापडलं, कानात गेलं आणि त्याने अशी काही शीळ घातली की पायपेटीवाल्याने मान वर करून पाहिलं. सूर बसेपर्यंत पद संपलं होतं आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. काकाही उठले. "वन्समोअर!" ते ओरडले. तिने पुन्हा घेतलं. तोवर ध्वनियंत्रणाही पुन्हा सुरू झाली होती. वहीत त्या दिवशी पदापुढे वेळ नाही. शेऱ्याच्या जागी काहीतरी लिहून इतकं गिरवून खोडलं आहे की कागद फाटलाय.

यंदा काका नातीला घेऊन आले. ती आठ वर्षांची. मोराचा प्रयोग ती दोनदा पाहून चुकली होती. या खेपेला नाट्यगृह लहान होतं, एलईडीची भिंत दारातून आत जाईना. म्हणून संचाने कुठूनतरी जुना रंगवलेला जंगलाचा पडदा पैदा केला होता. खाली थोडा विटलेला, मधे एक ठिगळ. पायपेटी होती. सूत्रधाराचं उपरणं डाव्या खांद्यावर होतं. काका इतके गप्प बसले होते की मला काळजी वाटायला लागली. रानाचा प्रवेश आला, तो पडदा हळूच हलला आणि काकांनी नाक ओढलं.

"आजोबा, मोर कुठाय?"

"मोर नसतो बाळा इथं."

"असतो." नात हट्टाला पेटली. "खऱ्या सौभद्रात असतो. यांनी काढून टाकलाय."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे. बराच वेळ त्या कोपऱ्याकडेच पाहत राहिले. मग वही काढून तिच्या मांडीवर ठेवली, पेनाचं टोपण उघडून दिलं आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट टेकवलं. अंधारात, जीभ बाहेर काढून, तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मोर गाळला.'

काकांनी खिशातून लाल पेन काढलं आणि त्याखाली रेघ मारली.