नैनितालारोहणाचे पूर्वनियोजन : सरोजिनी नगर संप्रदायाचा चिकित्सक अभ्यास

खोपोलीच्या सायकलस्वाराला घाटाचे नियोजन करावे लागत नाही. दाराबाहेर पाय टाकला की बोरघाट हजर. मुंबई-पुणे शर्यतीत तो आधी चढणाऱ्याला तर ‘घाटाचा राजा’ म्हणतात. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरातल्या मराठी माणसापुढे मात्र रिंग रोडवरच्या फ्लायओव्हरहून उंच असे काही नसते. म्हणून तो घाट चढण्याआधी घाटाची फाइल उघडतो. प्रस्तुत प्रबंधाचा विषय ती फाइल आहे; घाट अनुषंगाने येईल.

संप्रदायाचे सरावक्षेत्र म्हणजे रायसीना टेकडी. या चढणीचा इतिहास सायकलस्वारांनी आजवर उपेक्षिला आहे. सचिवालयाच्या दोन इमारती आणि व्हाइसरॉयचा प्रासाद एकाच पातळीवर हवेत, असा हर्बर्ट बेकरचा आग्रह होता. त्यापायी मधल्या रस्त्याला असा चढ आला की खालून, आजच्या विजय चौकातून पाहिले, तर प्रासाद जवळजवळ दिसेनासा होतो आणि घुमट तेवढा वर राहतो. एडविन लट्यन्सने चढ सौम्य करण्यासाठी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आणि तो हरला. दोघांपैकी एकानेही तो सायकलने चढून पाहिल्याची नोंद आमच्या पाहण्यात नाही.

संप्रदायात आज जे दोन पंथ दिसतात, त्यांचे मूळ इथेच आहे, असे आमचे मत. नैनिताल चढायचे तर रात्रीच्या राणीखेत एक्स्प्रेसने पहाटे काठगोदामला उतरायचे, इथवर एकवाक्यता आहे. पुढे राणीबागपाशी रस्ता फुटतो आणि संप्रदायाची समितीही फुटते. बेकरपंथीयांना ज्योलीकोटवरून जाणारा सरळ, सुमारे ३४ किलोमीटरचा रस्ता हवा. लट्यन्सपंथीय भीमताल-भवालीच्या वाटेने जाऊ म्हणतात. ती आठ-दहा किलोमीटरांनी लांब, पण वाटेत तलाव आहे, आणि तलाव असला की थांबण्याला सौंदर्यदृष्टी म्हणता येते.

काठगोदाम ५५४ मीटरवर, नैनितालचा तलाव १,९३८ मीटरवर. म्हणजे लोणावळ्यापर्यंतचे सुमारे अडीच बोरघाट एकावर एक. बेकरपंथाच्या रस्त्याला सरासरी चढ शेकडा चार पडतो. हा आकडा ऐकून सभेत हशा पिकला. महागाई भत्ता चार टक्क्यांनी वाढतो तेव्हा कुणाला चढ जाणवतो? पण सरासरी ही मोठी लबाड बाई. सपाटीचा प्रत्येक तुकडा आणि मधले छोटे उतारही ती त्यात मिसळते, आणि त्यांची भरपाई कुठल्यातरी वळणावर दहा टक्क्यांनी वसूल करते.

यावर दातांचे शास्त्र आहे. पुढच्या लहान चक्राला ३४ दात, मागच्या सर्वांत मोठ्यालाही ३४, तर पायाच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा, म्हणजे सुमारे दोन मीटर दहा सेंटिमीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी साडेसात किलोमीटर. न थांबता साडेचार तास. ‘न थांबता’ या शब्दांवर खजिनदारांनी हरकत घेतली.

“अहो, वाटेत दोगांवला भजी मिळतात.”

हरकत नोंदवून घेण्यात आली.

खरा वाद उतरणीचा आहे. चढताना माणूस घामाने निथळतो. उतरताना पाय थांबतात, वारा सुरू होतो आणि ओला सदरा छातीला बर्फासारखा चिकटतो. यावर सरोजिनी मार्केटमधले एक्स्पोर्ट सरप्लसचे विंडचीटर, हा उपाय सर्वप्रथम सुचतो. ते घासाघीस करून स्वस्तात मिळते, सोमवार सोडून कधीही. परंतु त्याच्या बाह्या बहुधा एखाद्या नॉर्वेच्या लाकूडतोड्याच्या मापाच्या असतात आणि चेन गळ्यापाशी येऊन संपावर जाते.

म्हणून युरोपातली जुनी युक्ती विचारात घेतली. टूर द फ्रान्सचे स्वार शिखरावर वर्तमानपत्र घेऊन सदऱ्याच्या आत, छातीवर सरकवत. घाटाच्या राजाचा ठिपक्यांचा सदरा तिथे १९७५ साली आला. कागद त्याच्याही आधीपासून आहे. तो वारा अडवतो आणि घामही पितो. प्रश्न एवढाच, की वर्तमानपत्र कोणते? दिल्लीच्या इंग्रजी पेपरच्या जाहिरात पुरवण्या गुळगुळीत असतात. त्या घाम पीत नाहीत, पोटावरून घसरतात आणि दुसऱ्या वळणाला पँटच्या इलॅस्टिकपाशी गोळा होतात. हिंदी दैनिकाचा कागद चांगला, पण शाई सदऱ्यावर उतरते. एका सदस्याच्या बनियनवर भूखंडांची जाहिरात उलट्या अक्षरांत अजून वाचता येते.

सर्वोत्तम ठरला तो पुण्याहून येणाऱ्या फराळाच्या डब्यातला मराठी पेपर. चकलीखाली आठवडाभर राहून त्याला तेलाचा एक समान थर बसतो. तेलकट कागद वारा साध्या कागदाहून चांगला अडवतो. तो घाम पीत नाही ही उणीव खरी. तिच्यासाठी आत हिंदी दैनिकाचे एक पान, शाईची जोखीम पत्करून.

या निष्कर्षाने तारखेचाही निकाल लागला. मे-जूनमध्ये नैनितालच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, जुलै ते सप्टेंबर दरडी. स्वच्छ आकाशाचे दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरचे, आणि फराळाचा डबाही त्याच सुमारास येतो. स्वारी दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी. चकल्या कुणी संपवायच्या, यासाठी उपसमिती नेमली आहे.