कृपया सभागृहात बोलू नये

माननीय नगरसेवक आणि नगरसेविकांनो,

मढहून सप्रेम नमस्कार. तुम्ही २२७ जण निवडून आलात, अभिनंदन. आता एकच विनवणी. सभागृहात जाऊन बसा, चहा घ्या, पण बोलू नका. आमची बसलेली घडी विस्कटेल.

७ मार्च २०२२ ला मागच्या सभागृहाची मुदत संपली आणि थेट १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. मधल्या काळात मुंबई महापालिकेनं सभेचं शास्त्रच पूर्णत्वाला नेलं. १८८८ च्या कायद्याप्रमाणे आयुक्तांनी प्रस्ताव पाठवायचा आणि स्थायी समितीनं तो तपासायचा. या काळात आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे आयुक्तांनी प्रशासकांकडे प्रस्ताव पाठवायचा, प्रशासकांनी तो बारकाईनं वाचायचा आणि आयुक्तांवर पूर्ण विश्वास असल्यानं मंजूर करायचा. साहेब खुर्चीत बसले की गणपूर्ती. हरकतीचा मुद्दा घ्यायचा तर स्वतःवरच घ्यावा लागला असता, आणि सभात्याग करायचा तर परत यायला कोणी विनवायलाही नव्हतं. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प असाच, आवाज न चढवता पार पडला.

तुमच्या आधीच्यांना हे कधी जमलं नाही. प्रस्ताव राखून ठेवायचे. का राखला ते कंत्राटदाराला ठाऊक, पुढच्या बैठकीत का सुटला तेही त्यालाच ठाऊक. त्या कलेबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्याच गोंगाटात एखादी नगरसेविका मध्येच उठून विचारायची, ‘माझ्या प्रभागातल्या शाळेत मुलींच्या शौचालयाला दार का नाही?’ जिथं हजारो कोटींचा विचार चालला आहे तिथं दाराची गोष्ट! नाइलाजानं प्रशासनाला उत्तर द्यावं लागे, इतिवृत्तात दाराची नोंद होई आणि कधीकधी, म्हणजे अगदीच टाळता आलं नाही तर, दार बसेसुद्धा.

म्हणून शिक्षण समितीबाबत विशेष दक्षता घ्यावी. २०२५-२६ चं शिक्षणाचं अंदाजपत्रक ३,९५५ कोटींच्या घरात होतं. पूर्वी ते समितीच्या अध्यक्षांकडे जायचं आणि मग सदस्य बोलत सुटायचे: मराठी शाळांचे वर्ग का ओस पडताहेत, गणवेश कधी येणार, शिक्षक निवडणुकीच्या कामाला किती दिवस. त्या वर्षी अधिकाऱ्यांनी ते आयुक्तांना सादर केलं. सादर करणारेही घरचे, स्वीकारणारेही घरचे.

शांततेची ही शिस्त शाळेपर्यंत न्यायला हवी. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक बसवून ठेवले आहेत. घाबरू नका, उपाय सोपा आहे. बैठक सकाळी अकराला ठेवा. कोळीवाड्यातली आई त्या वेळी बाजारात मासळीच्या पाटीपुढे असते, बाप बोटीवर. सह्या नंतर घेता येतात.

राहिला वर्सोवा-मढ पूल. वर्सोवा आम्हाला इथून दिसतं, फेरीबोटीनं पाचेक मिनिटं, रस्त्यानं वीसेक किलोमीटर. पूल व्हावा असं आम्हालाही वाटतं. पण तुमच्यापैकी कुणी विचारेल की पुलाखाली होड्या कुठे शाकारायच्या, बोंबील वाळवायच्या वलांडी कुठे उभ्या करायच्या. मग उपसूचना येईल, कोळी बायका पालिकेच्या दारात येतील, नकाशा पुन्हा उलगडावा लागेल. नकाशाच्या घड्या मोडतात हो अशानं.

तरीही बोलायची फारच हुक्की आली, तर ठरावाची सूचना लिहून चिटणिसांकडे द्या. प्रशासनाचा अभिप्राय येईल. तोवर तुमची मुदत संपलेली असेल, हीच त्या पद्धतीची खुबी.

आपला नम्र,
मढचा एक करदाता
(नाव देत नाही. घरातला नळ पालिकेचाच आहे.)