अ‍ॅडमिन गुरुजी

गाव कोणतंही घ्या, संस्था कोणतीही घ्या, तिथे एक अ‍ॅडमिन गुरुजी असतातच. अध्यक्ष बदलतात, सचिव रुसतात, ऑडिट आलं की कोषाध्यक्षाला, म्हणजे मला, घाम फुटतो. गुरुजी मात्र अढळ. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, अक्षर मोत्यासारखं आणि पूर्वीचा हुद्दा प्रसिद्धिप्रमुख. तेव्हा काम सोपं होतं. फुलस्केपवर बातमी लिहायची आणि बुलढाण्याच्या एस्टीने रवाना करायची. 'यावेळी ग्रामस्थ बहुसंख्येने उपस्थित होते' हे वाक्य तर कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीच लिहून तयार असायचं.

मग एका मासिक सभेत ठराव आला : संस्थेने सोशल मीडियावर यावे. मोबाइल कोणाकडे आहे? सगळ्यांकडे. वेळ कोणाकडे आहे? सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. ठराव एकमताने मंजूर.

गुरुजींनी त्याच रात्री फेसबुकवर संस्थेचं खातं उघडलं. पान वेगळं आणि माणसाचं खातं वेगळं, हे तेव्हा आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. फेसबुकने नाव विचारलं, गुरुजींनी 'सेवा' लिहिलं. आडनाव विचारलं, 'संस्था' लिहिलं. जन्मतारीख विचारली, तेव्हा त्यांनी नोंदणी प्रमाणपत्र काढून त्यावरची तारीख टाकली. खातं उघडेना. फेसबुकला तेरा वर्षं पूर्ण झालेला माणूस लागतो आणि आमची संस्था जेमतेम पाच वर्षांची! गुरुजी डगमगले नाहीत. उभ्या हयातीत त्यांनी अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून लावून पोरं पहिलीत बसवली होती. संस्थेलाही त्यांनी १ जूनच लावली आणि साल मागे ओढलं. तेव्हापासून दर १ जूनला अर्ध्या गावासोबत संस्थेचाही वाढदिवस असतो. 'उदंड आयुष्य लाभो, भाऊ' असं लोक संस्थेला कळवतात. दोन-तीन वधुपित्यांनी माहितीही मागवली होती.

दुसरी अडचण गावाच्या नावाची. आमचं धाड बुलढाणा तालुक्यात, विदर्भाच्या अगदी काठावर. इथे एमएच २८ आणि जालन्याची एमएच २१ अशा दोन्ही पाट्यांच्या गाड्या शेजारी शेजारी चहा पितात. पण हे बाहेरच्यांना काय माहीत? गुरुजींनी पहिली पोस्ट टाकली : 'धाडमध्ये ३२ पिशव्या रक्त जमा.' तासाभरात पुण्याहून कोणाच्या तरी मावशीचा फोन : "पोलिसांनी पकडलं का रे कोणाला?" मोबाइलवर गावाचं नाव शोधलं की आधी जुगार अड्ड्यावरची धाड, मग प्राप्तिकरवाल्यांची धाड आणि सगळ्यात शेवटी आम्ही. "एवढं चांगलं गाव आहे, मोबाइलला काय धाड भरली?" म्हणत गुरुजी प्रत्येक पोस्टच्या डोक्यावर 'मौजे धाड, ता. जि. बुलढाणा' लिहू लागले. सातबाऱ्यासारखं दिसतं, पण मावशीचा फोन थांबला.

व्हॉट्सॲपचा ग्रुप हा मात्र गुरुजींचा वर्ग. तिथे ते खडू-फळ्यासह वावरतात. कोणी 'भावपुर्ण श्रध्दांजली' लिहिलं की खाली गुरुजी फक्त शुद्ध रूप टाकतात : 'भावपूर्ण श्रद्धांजली'. पुढचे दहा जण समजतात की गुरुजींनीही वाहिली. एकदा तर एकाने वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या रांगेत चुकून तीच जुनी श्रद्धांजली टाकली. गुरुजींनी आधी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सत्कारमूर्ती ग्रुपवरच आहे.

अ‍ॅडमिन झाल्यावर त्यांना कायद्याची धास्ती बसली. कोणी काही भलतंसलतं टाकलं तर पहिला आत कोण? २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की, सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही. तसा दोघांचा समान हेतू दिसला पाहिजे. ते कात्रण गुरुजींनी प्रोसिडिंग बुकात चिकटवलं. तरी रात्री साडेदहाला मला फोन : "आपलं भागलं. पण भोकरदनचे जे चार सदस्य आहेत, त्यांना तर औरंगाबाद खंडपीठ लागतं. त्यांना रिमूव्ह करू का?"

पूर्वी कोणी ग्रुप सोडला की साऱ्या गावाला दिसायचं. २०२२ पासून सोडणारा गुपचूप जातो, सूचना मिळते फक्त अ‍ॅडमिनला. त्यामुळे रुसव्याची खबर गुरुजींनाच लागते आणि रुसवा काढायलाही तेच जातात. या उपक्रमात आजवर किती कप चहा झाला याचा हिशेब माझ्याकडे नाही, आणि ऑडिटरने तो मागू नये.

पासवर्डाची कथा वेगळी. संस्थेचं खरं पान शेवटी गुरुजींच्या पुतण्याने उघडून दिलं आणि तो चाकणला कंपनीत लागला. ओटीपी त्याच्या फोनवर. पहिल्या पाळीत फोन गेटवर जमा. त्यामुळे आमची सकाळची बातमी दुपारी साडेतीनला लागे. अखेर मीच सुचवलं : बँकेत दोन सह्या, तसे पानाला दोन अ‍ॅडमिन, आणि दोघेही गावातच झोपणारे. हे माझं सोशल मीडियातलं एकमेव योगदान.

फोटोंनी गुरुजींचं जुनं वाक्य खाल्लं. छापील बातमीत 'बहुसंख्येने' खपून जायचं, फोटोत रिकाम्या खुर्च्या मोजता येतात. त्यामुळे ते जवळून फोटो घेऊ लागले. नेत्र शिबिरात एका आजीच्या चेहऱ्यासमोर त्यांनी तिसऱ्यांदा मोबाइल धरला, तेव्हा आजी म्हणाली, "काहून रे भाऊ, फोटो निंघल्याबगर दिसनार नाही का मले?" गुरुजींनी मोबाइल खिशात घातला. त्या दिवसापासून संस्थेच्या पानावर शिबिराचा फलक दिसतो, डॉक्टर दिसतात, पेशंट दिसत नाहीत.

आणि फॉरवर्ड? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेपायी जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून जगणारी माणसं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. गुरुजींनी ग्रुपवर स्वतःची मर्यादा घातली : तारीख, ठिकाण आणि फोन करून खात्री करता येईल असा माणूस. तिन्ही नसतील तर मेसेज बाद. पोरं हसली. हे तर बातमीचं जुनंच व्याकरण, फुलस्केपवरचं!

पण मागच्या पावसाळ्यात बुलढाण्याला दवाखान्यात असलेल्या एका पोराला रक्त लागलं, तेव्हा त्याच व्याकरणाने काम केलं. गट कोणता, पिशव्या किती, कुठे, केव्हापर्यंत, फोन कोणाला. पाच ओळी. तासाभरात तीन मोटारसायकली निघाल्या. रात्री नऊला गुरुजींनी लिहिलं : 'गरज भागली. मेसेज पुढे पाठवू नये.'

दिवाळीनंतर तोच मेसेज चाकणहून पुतण्याने पाठवला. तारीख गळालेली, वर 'अर्जंट', आणि शुद्धलेखनाच्या चार नव्या चुका. गुरुजींनी ग्रुपवर खुलासा टाकला : 'सदर मेसेज जुना आहे. मुलाची आता काही गरज उरलेली नाही.'

दोन मिनिटांत खाली नऊ हात जोडले गेले आणि एकाने लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

गुरुजींनी डोक्याला हात लावला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

"पू दीर्घ," ते म्हणाले, "आणि 'द्ध' बरोबर."