एक हात मारून घेऊ

पितृपक्ष संपत आला की हे गृहस्थ घरात मान वर करून फिरू लागतात. ताठा म्हणून नव्हे. हॉलच्या छतावर, पंख्याच्या डाव्या अंगाला ताटाएवढा तपकिरी डाग असतो आणि दिवाळीला व्याही यायचे असतात. ठाणे, डोंबिवली, कोथरूड, सोसायटी कुठलीही घ्या, असा एक सभासद प्रत्येक विंगमध्ये सापडतोच. डाग पाण्याचा आहे हे त्यांना ठाऊक असतं. पण त्यांच्या लेखी प्रश्न पाण्याचा नसतोच, व्याह्यांचा असतो.

"त्यात काय, एक हात मारून घेऊ," हे काकांचं ठरलेलं वाक्य.

रंगारी स्टुलावर चढतो, डागावर बोट टेकवतो आणि खाली आणून दाखवतो. ओलं. "काका, आधी वरचं गळणं बंद करा. मग चांगलं सुकू द्या. पोपडे खरवडून, लांबी भरून, ऑइल प्रायमर मारतो. मगच रंग." यातला शेवटचा शब्द तेवढा काकांना ऐकू येतो. "अरे, पाऊस गेला आता. सुकेल आपोआप. माळ्यावर उरलेला डबा आहे, तोच मार." माळ्यावरचा डबा हा या मंडळींचा वडिलोपार्जित ठेवा असावा. आत गेल्या खेपेचा प्लास्टिक पेंट, वर जाड साय धरलेली, झाकण उचकटायला स्क्रूड्रायव्हर आणि ढवळायला मोडक्या छत्रीची काडी.

रंग ओला असतो तोवर डाग पार नाहीसा होतो. काका आत हाक मारतात, "अगं, बघ तरी!" आतून उत्तर येतं, "संध्याकाळी बघते." त्यांना अनुभव आहे. चहाच्या वेळेला मधोमध पिवळसर छटा उमटते, दिवेलागणीला कडही स्पष्ट होते.

यात भुताटकी काही नाही. वरून झिरपणारं पाणी येताना स्लॅबमधले क्षार, सळयांचा गंज आणि धूळ सोबत आणतं. पाणी उडून जातं, हा ऐवज मागे राहतो आणि कडेला जास्त साचतो, म्हणून डागाची किनार गडद. प्लास्टिक पेंट पाण्यावरचा. तो लागला की ऐवज पुन्हा विरघळतो आणि रंग सुकता सुकता वर येऊन बसतो. दुसरा हात मारा, त्यातूनही येतो. त्याला अडवायला पाण्याशी संबंध नसलेला थर लागतो, आणि तोही कोरड्या छतावर. तेलाचा प्रायमर चालतो, नाहीतर चपडा लाख. पळस-कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्यांची ही लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पाण्यात नाही. सुताराने टीव्हीच्या कपाटाला फ्रेंच पॉलिश केलं तेव्हा उरलेली तिची अर्धी बाटली काकांच्या माळ्यावर, त्याच डब्याला टेकून उभी असते.

मग वरच्यांना सांगा ना, असं कुणी म्हटलं की काका एकदम मवाळ होतात. एरवी सर्वसाधारण सभेत हाच माणूस आदर्श उपविधी तोंडपाठ म्हणतो. गच्चीतून पाऊस गळून शेवटच्या मजल्याचं छत बिघडलं तर खर्च सोसायटीचा, फ्लॅटच्या आतल्या बाथरूमची गळती ज्याची त्याने निस्तरायची. इथे पाणी येतं ते वरच्यांच्या नहाणी ट्रॅपच्या कडेने. ट्रॅपला बोळा मारून बाथरूममध्ये बोटभर पाणी एक दिवस साठवलं तर छडा लागेल. पण वरचे पडले सोसायटीचे सेक्रेटरी आणि काकांची गाडी अजून गेस्ट पार्किंगमध्ये!

"काय, रंगकाम काढलंत वाटतं?" सेक्रेटरी लिफ्टमध्ये विचारतात.

"हो हो, सहज. दिवाळी आली ना."

"छान, छान. आमच्याकडून कधी गळत नाही हं काही," हे मात्र कुणी विचारलेलं नसतं.

लक्ष्मीपूजनाला हुकमी उपाय निघतो. डागावर टूथपेस्ट चोळून वर टाल्कम पावडर. आणि व्याह्यांना बसवायचं नेमकं त्याच्याच खाली, कारण समोरचं दिसतं, डोक्यावरचं दिसत नाही. पंखा सुरू होतो आणि व्याह्यांच्या खांद्यावर बारीक पांढरं उतरू लागतं. काका शांतपणे म्हणतात, "चिरोट्यावरची पिठीसाखर जरा जास्तच झाली."

पुढच्या वर्षी ते पीओपीचं सीलिंग करून घेतात. डाग गेला! पाणी मात्र वर आपलं काम करत राहतं. सळई गंजते, गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, भोवतालचं काँक्रीट तडकून सुटतं आणि एखाद्या रात्री त्याचा तुकडा पीओपीवर धप्पकन पडतो.

काका तोवर फ्लॅट विकून मोकळे झालेले असतात. म्हणून सांगतो, जुना फ्लॅट बघायला गेलात आणि छताचा एकच चौकोन बाकीच्यापेक्षा जास्त पांढरा दिसला, तर भावाची बोलणी बाजूला ठेवा आणि आधी वरच्यांची बेल वाजवा.