गॅस की वीज : आंघोळीच्या पाण्याचा पेच

घरात पाणी तापवणारी यंत्रे मुख्यतः दोन जातींची असतात : विजेवर चालणारी आणि गॅसवर चालणारी. यांतले कोणते घ्यावे हा प्रश्न मराठी घरात दिवाळीच्या आठवडाभर आधी निघतो आणि अभ्यंगस्नानापर्यंत सुटत नाही. बंबाच्या काळात तो नव्हता. तांब्याच्या बंबाला करवंट्या, ढलप्या, गोवऱ्या, गेल्या वर्षीच्या वह्या असे काहीही चालत असे. पेटवणाऱ्याचे डोळे लाल होत, एवढाच खर्च.

विजेचा टाकीवाला गीझर स्वभावाने शांत असतो. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २ किलोवॉटच्या कॉइलला वीस-एकवीस मिनिटे लागतात. त्यात गार पाणी मिसळले की सोसवेल असे सव्वा ते दीड बादली पाणी होते. चार माणसांच्या घरात १५ लिटरची टाकी आणली, की घरात आपोआप दोन वर्ग पडतात : लवकर उठणारे आणि कोमट पाण्याने आंघोळ करणारे. तीन लिटरचा इन्स्टंट गीझर हा याचाच धाकटा भाऊ. तो भांडी घासायला उत्तम. मात्र थंडीत त्याच्याकडून बादली भरून घ्यायची तर दहा-बारा मिनिटे उघडे उभे राहण्याची तयारी हवी.

एका बादलीला साधारण अर्धा युनिट वीज लागते. चौघांच्या आंघोळीचे रोज दोन, म्हणजे महिन्याचे साठ युनिट झाले. आकडा निरुपद्रवी दिसतो. पण महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांनंतर एकदम वर चढतो आणि हे साठ युनिट पंखे, फ्रिज, टीव्ही या सगळ्यांना पुढच्या टप्प्यात ढकलतात. मग बिल हातात घेऊन ‘गीझर कोणी चालू ठेवला होता?’ अशी चौकशी बसते. वास्तविक पाणी ठरल्या तापमानाला पोचले की थर्मोस्टॅट वीज तोडतो. बटण चालू राहिले तर टाकीतून निसटणाऱ्या उष्णतेपुरतीच वीज जाते. हे आजवर कोणत्याही वडिलांना पटवता आलेले नाही.

या गीझरचा खरा शत्रू म्हणजे बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी. कॉइलवर क्षारांचे पांढरे पुट चढते, पाणी तापायला वेळ लागू लागतो आणि एके दिवशी कॉइल जळते. हा दिवस बहुधा पाहुणे आलेले असताना उगवतो.

गॅस गीझर याच्या उलट, उतावळा. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला पडदा उचलला जातो, गॅसचा मार्ग उघडतो, ‘टक टक टक’ अशा ठिणग्या पडतात आणि ‘भप्प’ करून निळी ज्योत लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवताना तो दहा किलोवॉटच्या पुढे उष्णता देतो. तेवढी शक्ती घरातल्या साध्या प्लगमधून मिळणे शक्य नाही. वीज गेली तरी त्याचे काही अडत नाही, आणि भारनियमन भोगलेल्या माणसाला एवढा गुण पुरतो.

दाबावर चालणारा असल्यामुळे तो वरच्या मजल्यावर रुसतो. गच्चीतली टाकी डोक्यावरच असेल तर पाण्याला उंची मिळत नाही, पडदा हलत नाही आणि नुसती टकटक ऐकत बसावे लागते. खालच्या मजल्यांवरही अंगाला साबण लागलेला असताना गार पाणी येण्याची कारणे तीन. स्वयंपाकघरात कोणी तरी नळ सोडतो, सिलिंडर संपतो किंवा सेल. गीझरच्या पोटाखालच्या डबीत दोन मोठे सेल असतात. ते रिमोटला बसत नाहीत, म्हणून पळवले जात नाहीत आणि म्हणूनच ते बदलायचे असतात याची आठवणही कोणाला राहत नाही.

खर्चाचा हिशेब वरवर गॅसच्या बाजूने आहे. बादलीला पन्नासेक ग्रॅम गॅस धरला, तर १४.२ किलोचा सिलिंडर चौघांना दोन महिन्यांवर पुरावा. पण हा झाला बादलीचा हिशेब. न संपणारे गरम पाणी मिळाले की माणूस शॉवरखाली जातो आणि तिथे गाऊ लागतो. वीस मिनिटांच्या गाण्यात सहा बादल्या वाहून जातात. बऱ्याच गीझरांना वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. ती सुरक्षेसाठी आहे. घरातल्या ज्येष्ठांची समजूत मात्र ती नातवासाठी केली आहे अशीच असते.

सुरक्षेच्या बाबतीत थट्टा थांबवावी लागते. १८६८ मध्ये लंडनमध्ये बेंजामिन मॉन या रंगाऱ्याने न्हाणीघरासाठी गॅसचे जे पहिले यंत्र केले, त्याला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. दीडशे वर्षांनंतरही कित्येक बाथरूममध्ये हीच स्थिती आहे. त्यात झडपेतून थंड वारा येतो म्हणून तिच्यावर पुठ्ठा चिकटवलेला. ज्योत बंद खोलीतला प्राणवायू खाते, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम घाण वास दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासही नाही, रंगही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, चक्कर येते, पुष्कळदा कडीपर्यंतही हात पोचत नाही. एक्झॉस्ट पंख्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही : वीज गेली की पंखा थांबतो, गीझर मात्र चालूच राहतो.

विजेच्या गीझरची मागणी यापुढे साधी आहे : नीट अर्थिंग, गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर आणि १६ अँपिअरचा प्लग. टीव्हीच्या प्लगवर गीझर चालवणाऱ्याला आधी जळका वास येतो, मग इलेक्ट्रिशियन येतो.

तेव्हा घरात ड्राय बाल्कनी असेल, पाण्याला दाब असेल आणि आंघोळीला रांग लागत असेल, तर गॅसचा गीझर घ्यावा आणि तो बाल्कनीत लावून आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. वरचा मजला, एक-दोन माणसे, वयस्कर मंडळी किंवा नुसतेच कोंदट बाथरूम असेल, तर विजेचा. आणि चौघे असतील तर १५ नव्हे, २५ लिटरचा. बाथरूमच्या आत गॅस गीझर बसवून द्यायला जो प्लंबर तयार होतो, तो प्लंबर बदलावा.