कोनाचे व्हय तुमी?

तळेगाव (श्यामजी पंत) या गावाला स्वतःचं नाव कंसाशिवाय सांगता येत नाही. दाभाड्यांचं तळेगाव वेगळं, ढमढेऱ्यांचं वेगळं, दशासर वेगळं, म्हणजे 'कोणाचं?' याचं उत्तर इथं आधी गावालाच द्यावं लागतं. मग तिथल्या चौकशीभाऊनं येणाऱ्याजाणाऱ्याला तेच विचारलं तर बिघडलं कुठं?

नागपूर-अमरावती रस्त्यावर, पानठेल्याच्या बाकड्यावर हा सापडतो. खर्रा घोटून होईस्तोवर तुमचं आडनाव, मामाचं गाव, संत्र्याची झाडं किती अन् आंबिया बहार टिकला की गळाला, हे सारं त्याला कळलेलं असतं. 'आर्वीची गाडी काऊन सोडली, बाप्पा?' हे तो अशा काळजीनं विचारतो, की आपण कारण शोधू लागतो. नातं तर निघतंच. तुमच्या साडूची आत्या आष्टीची निघते, आणि आष्टी म्हटलं की १९४२ च्या १६ ऑगस्टला तिथल्या ठाण्यावर चालून गेलेल्यांत भाऊचं कोणीतरी होतंच. कोणाच्या घरचं नव्हतं, असं या भागात मला अजून कोणी भेटलेलं नाही.

असा माणूस पोराकडं पुण्याला गेला. लिफ्टमध्ये त्यानं 'कोनाचे व्हय तुमी?' विचारलं, समोरच्यानं कानातला इअरफोन न काढता मान हलवली. तळेगावचा म्हणताच वॉचमननं लोणावळा लोकलची वाट दाखवली. महिनाभरात तो 'बी विंगवाल्यांचे बाबा' झाला.

शहरात माणूस आपल्या मनासारखं राहू शकतो, असं पोरगं सांगे. खोटं नाही. तिथं परजातीत लग्न करा, तिशीत नोकरी सोडा, शेजारची खिडकी उघडत नाही. इकडं पोरीनं केस कापले तर बाकड्याला दोन दिवस पुरतात. हा जाच आहेच. भाऊ दिसला की मीही रस्ता ओलांडतो. पण त्याची तिरपी टोपी, त्याचा चोंबडेपणा गावाला तोंडपाठ आहे आणि तसा दुसरा गावात नाही. पुण्यात त्याला नावं ठेवायलासुद्धा कोणी नव्हतं.

तो परतला. संत्र्याच्या तोडीला मजूर पाहायचे आहेत, असं बाकड्यावर सांगितलं. त्याच्या नावावर संत्र्याचं एक झाड नाही, हे अख्ख्या तळेगावला ठाऊक आहे. कोणी विचारलं नाही.